काजळीला कान देणारे एडिसन



माझी आजी सांगते, पूर्वी गावात लाइट नव्हती. रोज सांजच्याला कंदिलाची काच पुसावी लागायची. हात काळेकुट्ट व्हायचे. काजळी म्हणजे नुसता कचरा, असे सगळ्यांना वाटायचे. पण त्याच काजळीचा उपयोग करून एका माणसाने दूरचा आवाज जवळ आणला. त्यांचे नाव थॉमस अल्वा एडिसन.

थॉमसचा जन्म 11 फेब्रुवारी 1847 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मिलान या गावी झाला. तो शाळेत काही महिनेच गेला. तो मंद आहे, असे त्याच्या गुरुजींना वाटले. मग आईनेच त्याला घरी शिकवले. लहानपणीच त्याला कमी ऐकू येऊ लागले. बाराव्या वर्षी तो आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. 1862 साली तर त्याने सामानाच्या डब्यात छोटे छापयंत्र ठेवून स्वतःचे वर्तमानपत्र काढले. आपण भित्तिपत्रक हाताने लिहितो, तो चालत्या गाडीत छापायचा! त्याच वर्षी त्याने स्टेशनमास्तरांच्या लहान मुलाला गाडीखाली सापडता सापडता वाचवले. त्या उपकाराची फेड म्हणून मास्तरांनी त्याला तारेचे काम शिकवले. इथून त्याची आणि विजेची गट्टी जमली.

पुढे 1876 साली ग्रॅहम बेल यांनी टेलिफोन तयार केला. पण त्यातला आवाज फार बारीक यायचा, लांब पोचायचा नाही. एडिसन यांनी मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत 1877 साली हे काम हाती घेतले. किती तरी पदार्थ वापरून पाहिले. शेवटी काजळी कामाला आली. रॉकेलचे दिवे मुद्दाम धूर होईल असे जाळायचे, काचेवरची काजळी खरवडायची आणि दाबून तिची गुंडीएवढी वडी करायची.

आता यात गंमत काय ते बघा. काजळी म्हणजे कार्बन. तिच्यातून वीज जाते. वडी दाबली की कण एकमेकांना घट्ट चिकटतात आणि वीज जास्त जाते. दाब कमी झाला की वीज कमी जाते. आपण बोललो की हवा थरथरते, समोरचा पातळ पडदा हलतो आणि वडीवर कमीजास्त दाब पडतो. म्हणजे जसा आवाज, तशी वीज! स्वतःला नीट ऐकू न येणाऱ्या माणसाने काजळीला कान दिले. पुढे वडीऐवजी कार्बनचे दाणे आले. आजोबांच्या वेळी पोस्टात जड काळा फोन असायचा. नांदेडहून लातूरला ट्रंक कॉल लागला की त्यात मोठ्याने ओरडून बोलायचे. तसल्या फोनच्या तोंडाशी असेच दाणे असत.

1878 साली एडिसन यांनी याच वडीपासून उष्णता मोजायचे यंत्र केले. 29 जुलैच्या सूर्यग्रहणात ते वापरले. पण काटा मोजपट्टीच्या बाहेर गेला आणि आकडा काही मिळाला नाही. तरी ते खचले नाहीत. 1879 साली त्यांनी जाळून कार्बन केलेल्या दोऱ्याचा विजेचा दिवा पेटवला. मुंबईत जन्मलेले आपले शास्त्रज्ञ डॉ. शंकर आबाजी भिसे हे 1930 साली त्यांना अमेरिकेत भेटले होते. 18 ऑक्टोबर 1931 रोजी, वयाच्या 84 व्या वर्षी एडिसन वारले. त्यांच्या नावावर अमेरिकेत 1093 पेटंट आहेत.

ही काजळीची गोष्ट अजून संपली नाही. परवा उपकेंद्रात आजोबांची साखर तपासली. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब एका छोट्या पट्टीला लावला. अशा पुष्कळ पट्ट्यांवर कार्बनच्या शाईच्या रेघा छापलेल्या असतात. लग्नाच्या पिशव्यांवर जाळीतून शाई ओढून नावे छापतात ना, अगदी तशाच! साखरेमुळे तयार झालेली वीज त्या रेघांतून जाते आणि यंत्रावर आकडा दिसतो. आता तर शास्त्रज्ञ केसाहून बारीक रेघा छापतात.

माझ्या धाकट्या भावाला एका कानाने कमी ऐकू येते. आधी सगळे त्याला म्हणायचे, याचे ध्यानच नाही. आता तो पुढच्या बाकावर बसतो आणि खणखणीत पाढे म्हणतो. म्हणून मित्रांनो, कोणाला मठ्ठ म्हणू नका. आणि पालकहो, लेकरांची शाळा सुटू देऊ नका. एडिसन यांची शाळा सुटली खरी, पण आईने शिकवणे सोडले नाही. काय टाकाऊ आणि काय कामाचे, हे आधी नीट बघितल्याशिवाय कळत नाही.

(इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी)