लेखणीचे मोल जाणणारे ‘शंवाकि’

सोलापूरची ओळख महाराष्ट्राला झाली ती कापडगिरण्यांमुळे आणि चादरींमुळे. मात्र लेखकाच्या श्रमाला दाम मिळाला पाहिजे, हा विचार मासिकाच्या व्यवहारात आणणारा एक संपादकही याच शहरात जन्मला, याचे स्मरण आज क्वचितच होते. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या तीन मासिकांचे संस्थापक-संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर, अर्थात ‘शंवाकि’, यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी सोलापुरात झाला.

शालेय वयापासून शंकररावांचा ओढा चित्रकलेकडे होता. त्यासाठी त्यांनी लाहोर गाठले आणि पंडित सातवळेकरांच्या हाताखाली धडे गिरवले. मुंबईतही त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. चित्रकार म्हणूनच त्यांचे आयुष्य गेले असते. परंतु काका लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर कारखाना उभारला आणि पुढे शंकररावही तेथे दाखल झाले. लोखंडी नांगराची जाहिरात शेतकऱ्याच्या मनाला भिडेल अशी करणे, हे त्यांचे काम. चार शब्दांत आणि एका रेखाचित्रात नेमके सांगण्याची शिस्त त्यांच्या अंगी बाणली ती येथेच. पुढे व्यंगचित्रकार म्हणूनही त्यांनी नाव मिळवले.

कारखान्याची वार्ता ग्राहकांपर्यंत पोहोचावी, या हेतूने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू झाले. पाहता पाहता त्याचे मासिकात रूपांतर झाले आणि नावातील ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ एवढेच उरले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये तरुणांसाठी ‘मनोहर’ निघाले. पुणे-मिरज लोहमार्गावरील एका आडगावातून निघणारी ही मासिके महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत मानाने वाचली जाऊ लागली. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधूनच वाचकांसमोर आले.

याच काळात मराठी लघुकथा बाळसे धरत होती. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’मधून स्फुट गोष्टी आल्या, काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने गोष्टीला घरोघरी नेले आणि १९०९ मध्ये दिवाळी अंकाची परंपराही सुरू केली. कथा आटोपशीर होत गेली, तसा तिचा वाचकवर्ग वाढला. लेखकाच्या पदरात मात्र फारसे काही पडत नसे. मासिकांचे अर्थकारण तोळामासा होते आणि लेखन ही सरस्वतीची सेवा मानली जात असल्याने पैशाची भाषा करणे अनेकांना अप्रशस्त वाटे. परिणामी पोटासाठी शिक्षकी किंवा कारकुनी आणि उरल्या वेळेत लेखन, हाच शिरस्ता पडला.

शंकरराव मात्र कारखानदारीच्या मुशीत घडले होते. कच्चा माल देणाऱ्याला दाम द्यावा लागतो, तसाच तो मजकूर देणाऱ्यालाही दिला पाहिजे, असा रोखठोक विचार त्यांच्या कारभारामागे दिसतो. त्यांच्या मासिकांनी लेखकांना मानधन दिले. जाहिराती आणि वर्गणीदार यांचा नीट मेळ घातला, तर हे परवडते, हे त्यांनी दाखवून दिले. पैसा घेतल्याने लेखकाचे लेखन हीन ठरत नाही. उलट त्याच्याकडून नेटके काम मागण्याचा अधिकार संपादकाला मिळतो, हा या व्यवहाराचा दुसरा पैलू.

१९४८ च्या जाळपोळीची मोठी झळ किर्लोस्करवाडीला बसली. तरीही मासिके टिकली. पुढे ती पुण्यातून निघू लागली आणि संपादनाची धुरा मुकुंदराव किर्लोस्करांनी सांभाळली. शंकररावांनी आपली वाटचाल ‘शंवाकीय’ या आत्मचरित्रात नोंदवली. १ जानेवारी १९७५ रोजी त्यांचे निधन झाले.

आज कथा आणखी आक्रसली आहे. अतिलघुकथा, म्हणजेच ‘अलक’, हा प्रकार भ्रमणध्वनीच्या पडद्यावर लोकप्रिय झाला आहे. काही ओळींत अख्खे आयुष्य उभे करणारे लेखक गावोगावी आहेत आणि त्यांचे लेखन क्षणात हजारोंपर्यंत पोहोचते. बहुतेकांना त्यापोटी मिळते ती केवळ दाद. अनेकदा तर लेखकाचे नावही वाटेत गळून पडते. परदेशातील काही नियतकालिके अशा कथांना शब्दांच्या हिशेबाने मोबदला देतात. पण त्या हिशेबात सर्वांत कमी शब्दांत सांगणाऱ्यालाच सर्वांत कमी मिळते, मग त्याने शंभर शब्द खोडून दहा का राखलेले असेनात.

चार शब्दांच्या जाहिरातीमागे किती मेहनत असते, हे शंवाकिंना अनुभवाने ठाऊक होते. मजकूर लहान म्हणून श्रम लहान ठरत नाहीत. सोलापूरच्या या सुपुत्राचे स्मरण करताना मराठी संपादकांनी आणि प्रकाशकांनी एवढे ध्यानी घेतले, तरी आजच्या कथालेखकाला मोठा आधार लाभेल.