मोहेंजोदडोचं खरं वय ओळखणारे राखालदास बॅनर्जी: शोध लावला, पण नोकरी गेली आणि रिपोर्ट 58 वर्षं पडून राहिला

मोहेंजोदडो कुणी शोधलं? बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळतं, जॉन मार्शल. ते तेव्हा भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. पण प्रत्यक्ष तिथं खोदकाम सुरू करणारा अधिकारी वेगळा होता आणि त्याचं ऑफिस होतं पुण्यात.

राखालदास बॅनर्जी यांचा जन्म 1885 चा, बंगालमधल्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातला. जुन्या लिपी आणि नाणी हा त्यांचा हातखंडा विषय. बंगाली लिपीच्या उगमावर त्यांनी ग्रंथ लिहिला, शिवाय ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहिल्या. 1917 मध्ये ते पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे प्रमुख झाले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे तिथल्या टेकाडांची जबाबदारीही पुण्याच्या ऑफिसकडेच.

मोहेंजोदडोचं टेकाड काही अज्ञात नव्हतं. 1911-12 मध्ये देवदत्त भांडारकर तिथं जाऊन आले होते (रा. गो. भांडारकरांचे चिरंजीव). तिथल्या विटा त्यांना अलीकडच्या वाटल्या आणि हे अवशेष जेमतेम 200 वर्षांपूर्वीचे असावेत, असं त्यांनी नोंदवलं. चूक मोठी होती, पण समजण्यासारखी आहे. इतक्या नीटनेटक्या, एका मापाच्या भाजलेल्या विटा हजारो वर्षांपूर्वीच्या असतील, असं तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

बॅनर्जींना मात्र तिथं गारगोटीचं एक हत्यार दिसलं आणि शंका आली. 1922-23 च्या हिवाळ्यात त्यांनी खोदायला घेतलं. टेकाडावर कुषाण काळातला बौद्ध स्तूप होता आणि कामही त्याच्या आसपासच सुरू झालं. पण खालच्या थरांत अनोळखी लिपी कोरलेल्या मुद्रा निघाल्या. तशाच मुद्रा सुमारे 600 किलोमीटर लांब, पंजाबातल्या हडप्पा इथे दयाराम सहानी यांना मिळत होत्या.

खरी गोष्ट इथेच आहे. एकच मुद्रा, एकच लिपी इतक्या दूरच्या दोन शहरांत सापडते, तेव्हा तो गावांचा विखुरलेला पुंजका उरत नाही. व्यापार, मापं, नियम यांनी बांधलेली व्यवस्था त्यामागे असणार. ती चालवत कोण होतं, याचं उत्तर अजून नाही. निर्विवादपणे राजवाडा म्हणता येईल अशी एकही इमारत तिथं मिळालेली नाही.

सप्टेंबर 1924 मध्ये मार्शल यांनी लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकातून हा शोध जगाला सांगितला. आठवडाभरातच अभ्यासकांनी दाखवून दिलं की अशा मुद्रा इराणमधल्या सुसा इथेही मिळाल्या आहेत. भारतातल्या शहरांचा इतिहास एका फटक्यात सुमारे दोन हजार वर्षं मागे गेला.

बॅनर्जींचं नशीब उलट्या दिशेनं गेलं. खर्चाच्या हिशेबांवरून वरिष्ठांशी त्यांचे आधीच खटके उडत होते. मग जबलपूरजवळच्या भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिरातली एक मूर्ती चोरल्याचा आरोप आला. तो कोर्टात सिद्ध झाला नाही, तरी 1926 मध्ये त्यांना खातं सोडावं लागलं. त्याच वर्षी त्यांनी मोहेंजोदडोचा सविस्तर रिपोर्ट मार्शल यांना दिला होता. तो छापला गेला नाही.

पुढे बनारस हिंदू विद्यापीठात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. पण ती फार काळ लाभली नाही. 23 मे 1930 रोजी ते गेले, वय अवघं 45.

पुढच्याच वर्षी मार्शल यांचा मोहेंजोदडोवरचा तीन खंडांचा ग्रंथ आला. त्यात बॅनर्जींना श्रेय आहे, रिपोर्ट मात्र नाही. तो पुस्तकरूपानं आला 1984 मध्ये, वाराणसीहून. तोपर्यंत मोहेंजोदडो पाकिस्तानात गेलं होतं आणि जागतिक वारसा यादीत येऊन चार वर्षं झाली होती.