फुलांमुलांचे कवि : रेव्हरंड नारायण वामन टिळक

विद्यार्थी मित्रहो, रत्नागिरी जिल्ह्यानें महाराष्ट्रास दिलेल्या थोर पुरुषांत लोकमान्य टिळकांचें नांव आपणांपैकीं लहानांतल्या लहानासहि ठाऊक असतें. परंतु त्याच आडनांवाचे दुसरे एक थोर पुरुष याच जिल्ह्यांत जन्मास आले, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. मराठी ख्रिस्ती मंदिरांत गाइल्या जाणाऱ्या कित्येक गीतांचे ते कर्ते. शाळांतून मुलांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेल्या कवितांचेहि ते कर्ते. त्यांचें नांव नारायण वामन टिळक. रसिकांनीं त्यांस फुलांमुलांचे कवि ही पदवी दिली. ही पदवी कानास गोड लागते. पण ज्या आयुष्यांतून ती मिळाली तें आयुष्य सुखांत गेलें असें मात्र नाहीं. म्हणूनच तें आपण समजून घेण्याजोगें आहे.

नारायणरावांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं दापोली तालुक्यांतील करजगांव या खेड्यांत एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. वडील वामनराव हे सरकारी नोकरींत असून स्वभावानें फार कडक होते. मातोश्री जानकीबाई भाविक होत्या व कवितेची त्यांस उपजत आवड होती. बापाचा धाक आणि आईची माया या दोहोंमध्यें बाळ नारायण वाढला. तो अकरा वर्षांच्या सुमाराचा असतां आई वारली, आणि मुलाचें मन घरावरून उडालें. घर सोडून तो नाशिकास आला. तेथें पोटाची विवंचना होतीच. पण विद्येची भूक त्याहून मोठी होती. वेदशास्त्रसंपन्न गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यानें संस्कृत काव्याचें अध्ययन केलें. इंग्रजी शाळेंतहि त्यानें थोडा काळ काढिला. परंतु तें शिक्षण पुरें होऊं शकलें नाहीं.

पुढें नाशिकजवळील जलालपूर येथील गोखले यांच्या कन्येशीं त्यांचा विवाह झाला. याच त्या लक्ष्मीबाई टिळक. लग्नाच्या वेळीं त्या अगदीं लहान होत्या व त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांस अक्षरओळख करून दिली ती नारायणरावांनींच. संसार मात्र स्थिर असा झाला नाहीं. कधीं शिक्षक, कधीं कीर्तनकार, कधीं ग्रंथांचे संपादक, अशा नाना भूमिका नारायणरावांनीं केल्या. एका गांवीं बस्तान बसतें न बसतें तोंच त्यांचें मन दुसरीकडे धांवे. नागपूरचे विद्याप्रेमी धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास असतां त्यांनीं संस्कृत ग्रंथांचें काम केलें. हातीं पैसा आला आणि पुढें कोणी गरजू दिसला, कीं पैसा त्याचा होई. उद्यां चूल कशी पेटेल याची काळजी लक्ष्मीबाईंनीं करावी.

या भ्रमंतीच्या मुळाशीं एक तळमळ होती. जातिभेदानें दुभंगलेल्या आपल्या देशास एकत्र आणील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देत नसे. १८९३ सालीं ते नागपूरहून राजनांदगांवास आगगाडीनें जात होते. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होते. त्यांनीं संस्कृत काव्यावर मोठ्या आदरानें भाषण केलें आणि उतरण्यापूर्वीं नव्या कराराची एक प्रत या तरुण कवीच्या हातीं दिली. टिळकांनीं ती आरंभीं केवळ दिलेल्या शब्दाखातर वाचावयास घेतली. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनापाशीं येतांच पुस्तक खालीं ठेवणें त्यांस अशक्य झालें.

तें प्रवचन ज्यांनीं वाचलें आहे त्यांस याचें कारण समजेल. त्यांत प्रभु येशू आपल्या श्रोत्यांस मोठमोठे सिद्धांत सांगत बसत नाहीं. तो त्यांस आकाशांतील पांखरें दाखवितो, रानांतील फुलें दाखवितो. दिवा, मीठ, भाकर, अंगावरील वस्त्र, अशा घरगुती वस्तूंची उदाहरणें देतो आणि त्यांतूनच स्वर्गींच्या पित्याची ओळख करून देतो. टिळक फुलावर प्रेम करावयास पूर्वींच शिकले होते. तें फूल ज्यानें नटविलें त्यास पिता म्हणून हांक मारावी, हें त्यांस येथें उमगलें. पुढें त्यांनीं जें जें लिहिलें त्याचा उगम या एका गोष्टींत आहे. देव दूर कोठें तरी शोधावयाचा नसून रोजच्या वाटेवरील लहानशा वस्तूंतहि त्याचें प्रेम दिसतें, असा त्यांचा दृढ भाव झाला.

ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबई येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. या पावलाची किंमत फार मोठी होती. आप्तेष्टांनीं त्यांस दूर केलें, आणि लक्ष्मीबाई लहान मुलगा दत्तू यास घेऊन पंढरपुरास नातलगांच्या आश्रयास राहिल्या. फुलांत देव पाहणाऱ्या कवीचें स्वतःचें घरच उजाड झालें. पतिपत्नींचा हा वियोग सुमारें पांच वर्षें टिकला. त्या माउलीचें दुःख टिळकांच्या दुःखाहून यत्किंचितहि कमी नव्हतें. समाजांत तिला ना सधवेचा मान, ना कोणाचा भक्कम आधार. श्रद्धेमुळें मनुष्याचीं दुःखें टळतात, असें आपणांस कोणी सांगूं लागल्यास हीं पांच वर्षें त्यानें आठवावीं.

अखेरीस लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीकडे आल्या. पण आरंभीं त्यांनीं आपलें सोंवळें व आपला स्वयंपाक निराळाच ठेविला. टिळकांनीं त्यांवर सक्ति केली नाहीं. जातीचे भेद देवाचे नव्हत, ते मनुष्यानें केलेले आहेत, हें लक्ष्मीबाईंस पटलें तें स्वतःच्याच विचारानें. आणि त्यानंतर १९०० सालीं त्यांनींहि आपल्या खुषीनें बाप्तिस्मा घेतला. पालकहो, घरांतील माणसाचें मन आपल्या मनासारखें होण्याची वाट शांतपणें पाहणें ही केवढी कठीण साधना आहे, हें आपणांस सांगावयास नकोच. टिळकांसारख्या तापट पुरुषास ती साधली, ही त्यांच्या धर्मनिष्ठेची मोठीच खूण मानिली पाहिजे.

अहमदनगर येथें अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यांत त्यांनीं पुष्कळ वर्षें काढिलीं. १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचें संपादन त्यांच्याकडे होतें. त्यापूर्वीं आपल्या मंदिरांत बहुतेक परकी चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें गात असत. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाणीवर पोसलेल्या या कवीस तें रुचेना. तुकारामबोवांच्या अभंगांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापाशीं आलों, असें ते मानीत. म्हणून त्यांनीं अभंग, पद व भजन हीं आपलींच रूपें घेऊन त्यांत ख्रिस्तभक्ति ओतली, आणि कीर्तनाचीहि कास धरिली. दळणाच्या जात्यापाशीं वा शेताच्या बांधावर खेडुतास सहज गुणगुणतां यावें, असें गीत त्यांस हवें होतें. तसेंच त्यांनीं तें रचिलें.

त्यांची इतर कविता पाहिली तरी तिचा विषय हाताशींच असतो. ‘माझी भार्या’, ‘बापाचे अश्रु’ हीं नांवेंच पहा. घर, पत्नी, मूल यांवर इतक्या जिव्हाळ्यानें मराठींत त्यापूर्वीं फारसें कोणीं लिहिलें नव्हतें. ‘केवढें हें क्रौर्य’ ही कविता आपल्या आईबापांपैकीं कित्येकांस आठवत असेल. बाण लागून घायाळ झालेली एक पक्षीण चोंचींतील घांस पिलांस देण्यासाठीं कशीबशी घरट्यापर्यंत येते व तेथेंच प्राण सोडते, एवढीच ती कथा. त्यांत कोठेंहि उपदेश नाहीं. पण ती वाचलेला मुलगा पुन्हां पांखरावर दगड उचलतांना क्षणभर थांबेल.

या गुणामुळेंच मुलें त्यांच्याभोंवतीं जमत. त्र्यंबक बापूजी ठोंबरे नांवाच्या खानदेशांतील एका मुलाचे काव्यगुण टिळकांनीं ओळखले. १९०७ सालीं जळगांव येथें भरलेल्या कविसंमेलनांत या मुलास ‘बालकवि’ ही पदवी मिळाली, आणि पुढें तो नगरास टिळकांच्या घरीं मुलाप्रमाणें राहिला. ‘फुलराणी’चे कर्ते बालकवि ते हेच. टिळकांच्या घरीं राहूनहि बालकवि आपल्या धर्मांत राहिले, व त्यावरून त्यांच्यावरील माया तिळभर कमी झाली नाहीं. आपल्या आधीं १९१८ सालीं हा तरुण कवि आगगाडीच्या अपघातांत मृत्यु पावलेला टिळकांस पाहावा लागला.

‘वनवासी फूल’ या दीर्घ काव्यांत टिळकांनीं एका रानफुलाशीं संवाद मांडिला आहे. जगाच्या गलबल्यापासून दूर राहून निर्मळ असावें, कीं माणसांत येऊन त्यांच्या कामीं पडावें, हा त्यांतील प्रश्न. हा प्रश्न त्यांस जन्मभर सुटला नव्हता. एकांताची ओढ तर मोठी. पण जगानें टाकलेलें मूल दिसलें, कीं त्यास घरीं आणल्यावांचून त्यांच्यानें राहवत नसे. १९१७ सालीं त्यांनीं आपल्यापुरतें या प्रश्नाचें उत्तर दिलें. मिशनचा पगार सोडून त्यांनीं संन्यस्त वृत्ति स्वीकारिली. पण संन्यासी होऊन ते रानांत गेले नाहींत. सातारा येथें राहून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्वच भक्त तेथें बंधुभावानें एकत्र यावे, असा त्यांचा हेतु होता. हें कार्य अंकुरतें न अंकुरतें तोंच त्यांची प्रकृति ढासळली, व ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबई येथें त्यांनीं देह ठेविला.

त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य अपुरें राहिलें होतें. १९०९ मध्यें आरंभिलेल्या या ग्रंथाचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले. पुढील बहुतेक सारा भाग लक्ष्मीबाईंनीं रचिला. ज्या मुलीस एके काळीं अक्षरहि येत नव्हतें, तिनें पतीचें काव्य पूर्ण करावें आणि शिवाय ‘स्मृतिचित्रें’ हा मराठींतील अजरामर आत्मचरित्रग्रंथ लिहावा, ही गोष्ट कोणत्याहि चमत्काराहून लहान नव्हे. त्या ग्रंथांत त्यांनीं पतीचे दोष झांकले नाहींत. त्यांचा राग, त्यांचा विसराळूपणा, त्यांचा अव्यवहार, सारें हंसत हंसत सांगितलें आहे. त्यामुळेंच टिळक आपणांस परके वाटत नाहींत.

मित्रहो, टिळकांचें पुढील आयुष्य घाटावर गेलें. पण ज्या भूमींत ते जन्मले ती आपलीच भूमि आहे. श्रावण-भाद्रपदांत आपल्या जिल्ह्यांतील सडे पहा. उन्हाळ्यांत तापून करपलेला तोच कातळ, बोटभर मातीवर, तेरड्याच्या व इवल्याशा निळ्या-जांभळ्या फुलांनीं भरून जातो. तीं फुलें कोणी लावीत नाहीं, कोणी विकत घेत नाहीं, आणि बहुधा आपण तीं तुडवूनच शाळेस येतों. परीक्षेंत अपयश आलें, घरांत आजार आला, पैशाची ओढाताण झाली, म्हणजे देव आपणांस विसरला असें मनांत येतें. अशा वेळीं त्या कातळाकडे क्षणभर पहावें. इतक्या थोड्या मातींत ज्यानें इतकें फुलविलें, त्यास आपलाहि विसर पडलेला नाहीं. आणि मग टिळकांनीं केलें तेंच करावें. फूल पाहून तेथेंच न थांबतां, ज्याच्या घरीं दुःख आहे त्या शेजाऱ्याच्या दाराशीं जावें.