होडीमागचे इंजिन आणि ओले एव्हिनरूड

जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरले आणि भर शहरात होड्या आणाव्या लागल्या. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या महापुरात पुण्याहून एनडीआरएफचे जवान रवाना झाले होते. या दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. या जवानांच्या साहित्यात घडी घालता येणारी रबरी होडी असते आणि तिच्यासोबत एक सुटे इंजिन, ज्याला ते ओबीएम म्हणतात. ट्रकमधून उतरवायचे, दोघांनी उचलून न्यायचे, होडीच्या मागच्या फळीवर दोन स्क्रूंनी आवळायचे आणि दोरी ओढून चालू करायचे, एवढाच त्याचा खटाटोप. होडी आणि इंजिन या दोन वेगळ्या वस्तू असाव्यात, ही कल्पना व्यवहारात उतरवून जगभर पोहोचविणारा माणूस म्हणजे ओले एव्हिनरूड. मराठी कानाला हे नाव पाण्याच्या माणसाला साजेसेच वाटेल.

१९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वेमध्ये एका शेतकरी कुटुंबात ओले यांचा जन्म झाला. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत आले आणि विस्कॉन्सिन राज्यातील केंब्रिज या गावी, रिप्ली तळ्याच्या काठी स्थायिक झाले. भावंडांत ओले सर्वांत थोरले. शाळेचे शिक्षण जेमतेमच झाले. पाण्याची ओढ मात्र उपजत होती. शेती सोडून मुलाने होड्यांच्या नादी लागणे वडिलांना पसंत नव्हते. ओले यांनी चोरून बांधलेली पहिली होडी वडिलांनी जाळून टाकली असे सांगतात. मुलाने दुसरी बांधली, आणि तळ्यावर येणाऱ्या हौशी मंडळींना पैसे घेऊन फिरवून आणू लागला.

सोळाव्या वर्षी ते मॅडिसन शहरात यंत्रांच्या कारखान्यात कामाला लागले. पुढे पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांत आणि शिकागोत उमेदवारी झाली. ओतकामासाठी लागणारे लाकडी साचे बनविण्यात त्यांचा हात बसला आणि मिलवॉकीत हाच त्यांचा पेशा ठरला. दिवसा नोकरी, रात्री तळघरात पेट्रोल इंजिनांचे प्रयोग, असा क्रम चालू असताना बेस केरी या तरुणीशी त्यांची ओळख झाली. ती व्यापारी शिक्षण घेत होती. ओले यांची पत्रे लिहून देणे, हिशेब पाहणे तिने अंगावर घेतले. १९०६ मध्ये दोघांचे लग्न झाले.

या सुमाराची एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. ओकॉची तळ्यावर सहलीला गेले असता बेसला आइस्क्रीम खाण्याची इच्छा झाली. ओले वल्ही मारत पैलतीरी गेले, आइस्क्रीम घेऊन भर उन्हात परतले, तोवर त्याचे पाणी झाले होते. त्या चिडीतून इंजिन जन्मले म्हणे. गोष्टीला कंपनीच्या जाहिरातींचा हातही लागला असेल. पण दुपारच्या उन्हात ज्याने वल्ही मारली आहेत, त्याला ती पटायला वेळ लागत नाही.

होडीबाहेर बसणारे इंजिन काढणारे एव्हिनरूड हे पहिलेच नव्हते. कॅमेरॉन वॉटरमन या अमेरिकी माणसाने त्यांच्या आधी तसे इंजिन बाजारात आणले होते. एव्हिनरूड यांनी काय केले, तर उभा दांडा, त्याच्या माथ्यावर आडवे सिलिंडर आणि तळाशी दातेरी चाकांनी फिरणारा पंखा अशी सुटसुटीत आणि भरवशाची रचना सिद्ध केली. पुढे हीच मांडणी रूढ झाली. बेसला ते ध्यान कॉफी दळण्याच्या यंत्रासारखे दिसले. १९०९ मध्ये विक्री सुरू झाली. दीड अश्वशक्ती, वजन सुमारे २८ किलो, किंमत ६२ डॉलर.

यंत्र ओले यांचे, पण धंदा बेसचा, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. वल्ही फेकून द्या असे सांगणारी जाहिरात तिनेच लिहिली, परदेशी पत्रव्यवहारही तिनेच सांभाळला. हौसेच्या होड्यांसाठी काढलेल्या या इंजिनाला मोठे गिऱ्हाईक मिळाले ते स्कँडिनेव्हियातील कोळ्यांचे. जुनी होडी न मोडता तिच्यावर इंजिन चढविता येते, हे त्यांनी चटकन ओळखले. ख्रिस मेयर या भागीदाराने भांडवल घातले आणि कारखाना वाढला.

परंतु या कामाने बेसची प्रकृती ढासळली. १९१३-१४ च्या सुमारास एव्हिनरूड यांनी आपला हिस्सा मेयर यांना विकला आणि पाच वर्षे या धंद्यात न उतरण्याचे मान्य केले. भरभराटीला आलेला, स्वतःच्या नावाचा कारखाना पत्नीच्या आरोग्यासाठी सोडणारे उद्योजक विरळाच. पती-पत्नी लहानग्या राल्फला घेऊन प्रवासाला निघाले.

ओले यांचे डोके मात्र स्वस्थ नव्हते. त्यांनी ॲल्युमिनियम वापरून दोन सिलिंडरचे, तीन अश्वशक्तीचे, तरीही २२ किलोंच्या आसपास वजनाचे इंजिन आखले. ते आधी मेयर यांनाच देऊ केले, त्यांनी नाकारले. तेव्हा मुदत संपताच नवी कंपनी निघाली. स्वतःचे आडनाव विकलेले असल्याने नवे नाव शोधणे भाग होते. इंजिनाच्या वर्णनातील आद्याक्षरे जुळवून बेसने ते एल्टो असे ठेवले. एव्हिनरूड नावाच्या इंजिनाशी एव्हिनरूड स्वतः स्पर्धा करू लागले, आणि ती त्यांनी जिंकली. १९२९ मध्ये दोन्ही कंपन्या तिसऱ्या एका कंपनीसह एकत्र आल्या व ओले अध्यक्ष झाले. त्यानंतर लगेच मंदीचा फेरा आला. मे १९३३ मध्ये बेसचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९३४ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी ओले यांनीही जगाचा निरोप घेतला. कारभार राल्फने पुढे नेला.

एव्हिनरूड यांच्या कल्पनेला खरे आव्हान मिळाले ते त्यांच्या मृत्यूनंतर पाव शतकाने. १९५९ मध्ये स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने अमेरिकी अभियंता जिम विन यांच्या कल्पनेवर आधारलेला स्टर्नड्राइव्ह बाजारात आणला. यात मोटारगाडीच्या जातीचे मोठे इंजिन होडीच्या पोटात बसते आणि मागच्या फळीला भोक पाडून फक्त पंख्याचा पाय बाहेर येतो. आवाज कमी, वजन खाली, मागची बाजू पोहणाऱ्यांसाठी मोकळी. सहलीच्या होड्यांत तो लोकप्रिय झाला यात नवल नाही. पण ज्या भोकातून पाय बाहेर जातो, तेथील रबरी आवरण फाटले तर पाणी थेट होडीत शिरते. पाय वर उचलला तरी पूर्णपणे पाण्याबाहेर येत नाही, त्यामुळे खाऱ्या पाण्यात गंज धरतो. पोटात साठणारी पेट्रोलची वाफ पंख्याने बाहेर काढल्याशिवाय इंजिन सुरू करणे धोक्याचे. आणि इंजिन बिघडले तर होडीच अडकून पडते. एव्हिनरूड यांचे इंजिन फळीवरून सोडवून दुरुस्तीला नेता येते, त्या जागी दुसरे लावता येते, उथळ पाण्यात किंवा गाळात सहज वर उचलता येते. पुरात उतरणाऱ्या रबरी होडीला स्टर्नड्राइव्ह बसविण्याचा विचारही कोणी करणार नाही.

या रचनेचा एक दोष मात्र ओले यांच्या काळापासूनचा. जुन्या धाटणीच्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, आणि त्यातील न जळलेला अंश पाण्यात उतरतो. खडकवासल्यासारख्या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयासाठी ही बाब क्षुल्लक नाही. पुढे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिने आली, ती शांत आणि स्वच्छ निघाली, अश्वशक्तीही शेकड्यांत गेली, आणि मधल्या काळात स्टर्नड्राइव्हकडे वळलेले गिऱ्हाईक पुन्हा मागच्या फळीवरच्या इंजिनाकडे आले. एव्हिनरूड हे नाव मात्र सुधारित टू-स्ट्रोकलाच चिकटून राहिले. मूळ कंपनीचे २००० मध्ये दिवाळे निघाले, नाव दुसऱ्या हाती गेले, आणि मे २०२० मध्ये त्या नावाच्या आउटबोर्ड इंजिनांचे उत्पादन कायमचे थांबविण्यात आले.