दादोबा पांडुरंग आणि सुरतेची मानवधर्मसभा

पर्वत पाटियाच्या परिसरात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींस सुरत हे पोटापाण्याचे गाव. कापडाच्या धंद्याने आपल्यापैकी पुष्कळांस येथे आणिले. परंतु त्याच्या कितीतरी आधी एक मराठी मास्तर ह्याच शहरी येऊन राहिले होते, हे आपल्या मुलांस ठाऊक नसते. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांचा जन्म 1814 साली मुंबईत झाला. घर विठ्ठलभक्तीचे. अवघ्या बाविसाव्या वर्षी, 1836 साली, त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले, आणि पुढे लोक त्यांस मराठीचे पाणिनी म्हणू लागले. शब्दाचे हे रूप असेच का, हे विचारण्याची सवय व्याकरणकाराच्या अंगी मुरलेलीच असते. ती सवय त्यांनी धर्मविचारातही सोडिली नाही, असे आम्हांस वाटते.

1840 च्या सुमारास ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले. 1837 च्या भयंकर आगीने आणि महापुराने हे शहर तेव्हा खचलेले होते. येथे त्यांस दुर्गाराम मंछाराम मेहता हे गुजराती शिक्षक भेटले. दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास हे आणखी तिघे मिळाले. पाचांचीही नावे 'द' ह्या अक्षराने सुरू होणारी, म्हणून सुरतेत त्यांस पाच दद्दे म्हणत. 22 जून 1844 रोजी ह्या मंडळींनी मानवधर्मसभा स्थापिली. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्राची जात एक आहे, थोरवी जन्माने नव्हे तर गुणाने ठरते, आणि प्रत्येकाने विवेकास पटेल तेच आचरावे, अशी तिची तत्त्वे होती. सभा उघडपणे भरे. कोणीही यावे, शंका काढावी. भूतपिशाच्च काढणारे, मूठ मारणारे, मंत्राने चमत्कार करणारे जे लोक होते त्यांस दुर्गारामांनी चारचौघांत सामर्थ्य दाखविण्याचे आव्हान दिले. ते कोणासही दाखविता आले नाही. ज्या घरांत आजारी लेकराच्या उशाशी वैद्याआधी मांत्रिक बसत असे, त्या घरांस ह्या आव्हानाचे मोल किती होते, हे आम्ही निराळे सांगावयास नको.

दादोबा 1846 साली मुंबईस परतले आणि येथील सभा हळूहळू मंदावली. मुंबईत 1849 साली त्यांच्या प्रेरणेने परमहंससभा निघाली. मते बहुतेक तीच; पण ही सभा गुप्त. नव्या सभासदास ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. पुढे 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली आणि जातीच्या भयाने सभा विसकटली. त्या तरुणांस भ्याड म्हणण्यास आमची जीभ वळत नाही. वाळीत पडणे म्हणजे बहिणीचे लग्न मोडणे आणि बापाच्या तिरडीस खांदेकरी न मिळणे. खुद्द दादोबांनीही सुरतेत असताना लिहिलेले 'धर्मविवेचन' 1868 पर्यंत छापिले नाही, आणि छापिले तेव्हा त्यावर स्वतःचे नाव घातले नाही. सुरतेत जे पाच जण उघड बोलले, त्यांच्या धैर्याची किंमत ह्यावरून कळते.

एवढे प्रश्न विचारूनही दादोबांची भक्ती उणावली नाही. त्यांचे बंधू डॉक्टर आत्माराम ह्यांनी 1867 साली मुंबईत प्रार्थनासमाज स्थापण्यात पुढाकार घेतला. त्याच्या दोन वर्षे आधी, 1865 साली, दादोबांनी मोरोपंतांच्या केकावलीवर विस्तृत टीका प्रसिद्ध केली होती. केकावली म्हणजे देवापुढे केलेला आर्त विनवणीचा ग्रंथ. त्याचे शब्द न् शब्द त्यांनी व्याकरणकाराच्या चिकाटीने उलगडिले, आणि त्या टीकेस 'यशोदापांडुरंगी' असे आपल्या आईबापांच्या नावांचे नाव दिले. 1882 साली ते वारले.