डॉक्टर होमी जहांगीर भाभा

आपल्या उपनगरांच्या दक्षिणेस, ठाण्याच्या खाडीच्या तोंडाशीं, तुर्भ्याची टेकडी उभी आहे. तिच्या पायथ्याशीं जें अणुसंशोधन केंद्र आहे त्यास ज्या थोर पुरुषाचें नांव दिलेलें आहे, त्याचें चरित्र प्रत्येक विद्यार्थ्यानें वाचावें असें आहे. त्या चरित्राचा आरंभ मुंबईंत झाला आणि शेवट आल्प्स पर्वताच्या बर्फांत, एका लहानशा गैरसमजानें झाला.

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं मुंबईंतील एका सुविद्य पारशी कुटुंबांत झाला. वडील जहांगीरजी हे कायदेपंडित. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरीं उत्तम ग्रंथसंग्रह होता आणि पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या ऐकावयास मिळत. त्यामुळें वाचन, चित्रकला व संगीत यांची गोडी त्यांस बालपणींच लागली, व ती अखेरपर्यंत टिकली. कॅथेड्रल शाळेंतील शिक्षण संपवून त्यांनीं एल्फिन्स्टन कॉलेजांत व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें अध्ययन केलें आणि १९२७ सालीं ते केंब्रिजला गेले.

मुलानें इंजिनियर व्हावें आणि जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यांत काम करावें, अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती. होमींचें मन मात्र पदार्थविज्ञानांत रमलें होतें. तें त्यांनीं वडिलांस पत्रानें स्पष्टपणें कळविलें. परंतु आज्ञा मोडून अभ्यास अर्धवट सोडला नाहीं. प्रथम इंजिनियरिंगची परीक्षा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण हो, मग तुझ्या आवडीच्या विषयास पैसे देईन, असें वडिलांनीं कबूल केलें. १९३० सालीं मुलानें ती अट पुरी केली, व वडिलांनींही आपला शब्द पाळला. १९३२ सालीं गणिताच्या परीक्षेंतही त्यांनीं पहिला वर्ग मिळविला. पुढें विश्वकिरणांसंबंधीं त्यांनीं हाइटलर या शास्त्रज्ञाबरोबर १९३७ सालीं मांडलेला सिद्धान्त जगन्मान्य झाला.

१९३९ सालीं ते सुटीसाठीं स्वदेशीं आले असतां महायुद्ध पेटलें व परत जाणें अशक्य झालें. तेव्हां बंगळूर येथें सर चंद्रशेखर रामन यांच्या संस्थेंत ते काम करूं लागले. परदेशांतील मानाच्या जागेची वाट पाहत न बसतां आपल्या देशांतच उच्च संशोधनाची संस्था काढावी, हा विचार तेथेंच दृढ झाला. टाटा विश्वस्तांच्या साहाय्यानें १९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. १९४८ सालीं ते अणुशक्ति आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५४ सालीं तुर्भ्यास अणुशक्ति केंद्राचा आरंभ झाला व ४ ऑगस्ट १९५६ रोजीं तेथें आपल्याच शास्त्रज्ञांनीं बांधलेली 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. ज्या ठिकाणीं पूर्वीं कोळ्यांची वस्ती व माळरान एवढेंच होतें, तेथें हजारों तरुणांस संशोधनाचें क्षेत्र मिळालें. इमारतींसाठीं जुनीं झाडें तोडणें त्यांस खपत नसे. शक्य तेथें तीं मुळांसकट उचलून दुसरीकडे लावावीं, असा त्यांचा आग्रह असे.

जानेवारी १९६६ मध्यें आंतरराष्ट्रीय अणुशक्ति संघटनेच्या सभेसाठीं ते व्हिएन्नास निघाले. 'कांचनजंगा' नांवाचें एअर इंडियाचें बोइंग विमान मुंबईहून दिल्ली व बेरूत या मार्गानें जिनीव्हाकडे चाललें होतें. ऐन हिंवाळ्याचे दिवस; खालीं आल्प्सचीं हिमाच्छादित शिखरें. स्थान दाखविणाऱ्या दोन रेडिओयंत्रांपैकीं एक बेरूतहून निघतांनाच बंद होतें. २४ जानेवारीस सकाळीं विमान जिनीव्हाजवळ येऊं लागलें, तेव्हां ते १९,००० फुटांवर होतें. युरोपांतील प्रख्यात माँ ब्लाँ शिखर सुमारें १५,७८० फूट उंच आहे. तें शिखर मागें पडलें, अशी वैमानिकाची समजूत झाली. वस्तुतः तें अद्याप पुढेंच होतें. जमिनीवरील नियंत्रकाच्या ध्यानांत ही चूक आली व त्यानें विमानाचें खरें स्थान कळविलें. परंतु त्याच्या शब्दांत पुरेसा नेमकेपणा नव्हता. वैमानिकानें त्यांचा अर्थ आपल्या समजुतीस अनुकूल असाच घेतला व विमान खालीं आणणें चालूंच ठेवलें. कांहीं क्षणांत तें शिखराजवळच्या कड्यावर आदळलें. ११७ जणांपैकीं एकही वांचला नाहीं. डॉ. भाभा त्या वेळीं अवघे ५६ वर्षांचे होते.

या अपघाताविषयीं पुढें नाना तर्क निघाले; पण फ्रेंच चौकशीमंडळानें दाखविलेलें कारण हें असें आहे. याच पर्वतावर ३ नोव्हेंबर १९५० रोजीं 'मलबार प्रिन्सेस' हें एअर इंडियाचेंच विमान कोसळून ४८ जणांचा अंत झाला होता. बर्फाची नदी अतिशय मंदगतीनें खालीं सरकते. म्हणून 'कांचनजंगा'तील एक टपालाची थैली तब्बल ४६ वर्षांनीं, २०१२ सालीं, गिर्यारोहकांच्या हातीं लागली.

विद्यार्थी मित्रहो, आपण बोलतों तें नेमकें असावें, आणि ऐकलेलें स्पष्ट नसेल तर पुन्हां विचारण्यास लाजूं नये, हा धडा या दुःखद घटनेंतून घेण्यासारखा आहे. दुसरा धडा डॉ. भाभांच्या जीवनाचा. ते गेले, तरी त्यांचें काम थांबलें नाहीं. कारण त्यांनीं नुसत्या इमारती नव्हे, तर माणसें उभीं केलीं होतीं. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें. त्यापूर्वींच, जानेवारी १९६७ मध्यें, तुर्भ्याच्या केंद्रास त्यांचें नांव देण्यांत आलें होतें. त्या बाजूनें जाण्याचा योग येईल तेव्हां, वडिलांची अट पुरी करून मग आपली वाट धरणाऱ्या त्या मुलाची आठवण करावी.