रडणं ऐकणारा माणूस

बँकेची नोकरी म्हटली की बदली आलीच. १९९१ साली माझी बदली मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली. पत्नीचीही नोकरी, तीही मुंबईला. मग अडीच वर्षांच्या मुलीला आम्ही साताऱ्याला माझ्या आईकडे ठेवलं. पहिला आठवडाभर तिनं रडून घर डोक्यावर घेतलं, पुढे गप्प झाली. महिन्यानं मी भेटायला गेलो तर ती आजीच्या पदराआडून माझ्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघत राहिली. पोर रुळली, असं आईनं सांगितलं आणि मी निर्धास्त मनानं परतीची एस.टी. पकडली.

निवृत्तीनंतर एका कादंबरीच्या तयारीत मी जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाविषयी वाचू लागलो आणि तो ‘रुळली’ शब्द मला टोचू लागला.

बोल्बींचा जन्म २६ फेब्रुवारी १९०७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील सर अँथनी हे राजघराण्याचे शल्यविशारद. सहा भावंडांत जॉन चौथा. त्या काळच्या बड्या इंग्रज घरांत मुलं दाया आणि नोकराण्याच सांभाळत. आईची भेट दिवसातून तासभर, तीही दुपारच्या चहानंतर. जास्त लाड केले तर मुलं बिघडतात, असा सार्वत्रिक समज होता. छोट्या जॉनचं खरं प्रेम जडलं ते मिनी नावाच्या तरुण दाईवर. तो चार वर्षांचा असताना मिनी नोकरी सोडून गेली. घरच्यांच्या लेखी एक नोकराणी गेली. जॉनची मात्र जणू आईच गेली. हे दुःख म्हातारपणापर्यंत त्यांच्या लक्षात राहिलं. पुढे महायुद्ध आलं, वडील फ्रान्समधल्या आघाडीवर गेले आणि लहान वयातच जॉनची रवानगी बोर्डिंग शाळेत झाली.

नौदलाचं शिक्षण अर्धवट सोडून ते केंब्रिजला वैद्यकाकडे वळले. पदवीनंतर १९२८ साली वाट चुकलेल्या मुलांच्या एका शाळेत त्यांनी काही महिने काम केलं. तिथं चोरीपायी आधीच्या शाळेतून काढलेला एक अबोल मुलगा होता. त्याला आईची माया कधी मिळालीच नव्हती. दुसरा एक आठ वर्षांचा पोरगा दिवसभर बोल्बींच्या मागे सावलीसारखा फिरे. या दोघांनी त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली.

पुढे ते मनोविश्लेषण शिकले, पण तिथल्या गुरूंशी त्यांचं जमेना. मुलाच्या दुखण्याचं मूळ त्याच्या मनातल्या कल्पनांत शोधायचं, अशी तिथली शिकवण. एका चंचल मुलावर उपचार करताना त्याची आईच अतिशय अस्वस्थ असल्याचं बोल्बींना दिसत होतं. पण मार्गदर्शक मेलनी क्लाइन यांनी तिच्याशी बोलायला मनाई केली. काही महिन्यांतच त्या आईला मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. मूल समजून घ्यायचं तर त्याचं घर समजून घ्यायला हवं, ही बोल्बींची खूणगाठ पक्की झाली. १९४९ साली आईबाप आणि मूल यांना एकत्र बसवून बोलण्याच्या उपचाराविषयी त्यांनी लिहिलं, तेव्हा हा विचार अगदी नवा होता.

त्याआधी १९४४ साली त्यांचा चोऱ्या करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांतली १४ मुलं कोणाशीच माया न जोडणारी, कोरडी होती. या १४ पैकी १२ मुलांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झाली होती. तुलनेसाठी घेतलेल्या, चोरी न करणाऱ्या ४४ मुलांत अशी मुलं दोनच निघाली. आकडे लहान होते, पण त्यांकडे दुर्लक्ष करणं अवघड होतं.

युद्धानंतर लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जेम्स रॉबर्टसन हा सहकारी त्यांना मिळाला. युद्धकाळात तो अॅना फ्रॉइड यांच्या बालगृहात बॉयलर सांभाळायचा, आणि तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला मुलांच्या नोंदी ठेवाव्या लागत. रॉबर्टसन पाहायला शिकला तो तिथं. तेव्हा इस्पितळात दाखल झालेल्या मुलाला आईबाप आठवड्यातून तास-दोन तास भेटू शकत. काही ठिकाणी तेवढंही नाही. आई आली की मूल रडतं, गेली की पुन्हा रडतं. ती आलीच नाही तर शांत राहतं, हा परिचारिकांचा अनुभव. रॉबर्टसननं १९५२ साली लॉरा नावाच्या अडीच वर्षांच्या मुलीचे इस्पितळातले आठ दिवस चित्रित केले. ती फार रडत नाही. ओठ घट्ट मिटून टेडी बेअर छातीशी धरते आणि शेवटी आईचा हात धरायलाही तयार होत नाही. डॉक्टरमंडळी फिल्म पाहून संतापली. पण १९५९ साली सरकारनं नेमलेल्या समितीनं आईबापांना मुक्तपणे भेटू द्यावं अशी शिफारस केली आणि हळूहळू वॉर्डांची दारं उघडली.

बोल्बी आणि रॉबर्टसन यांनी ताटातुटीच्या तीन पायऱ्या सांगितल्या. आधी मूल आकांत करतं, मग खचतं, मग मन काढून घेतं. ही तिसरी पायरी म्हणजेच आपलं ‘रुळणं’.

बोल्बींचं सगळंच टिकलं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली त्यांनी लिहिलेल्या अहवालाचा आधार घेऊन नोकरी करणाऱ्या बायकांना दोषी ठरवलं गेलं, आणि त्यांची भाषाही त्याला थोडी कारणीभूत होती. क्षयाच्या रुग्णालयात राहून आलेल्या मुलांचा अभ्यास केल्यावर, आपण हानी फुगवून सांगितली, हे त्यांनी १९५६ साली स्वतःच मान्य केलं. बाळाची माया एकट्या आईशीच नव्हे, तर बाप, आजी, मोठं भावंड अशा अनेकांशी जुळते, हे पुढच्या संशोधकांनी दाखवलं. मेरी एन्सवर्थ या त्यांच्या सहकारी विदुषीनं युगांडातल्या खेड्यांत आणि नंतर अमेरिकेत घरोघरी बसून निरीक्षणं केली. हाकेला ओ देणारं कोणी आहे, ही खात्री असलेलं मूलच निर्धास्तपणे दूर जाऊन खेळतं, हे त्यांतून दिसलं. बोल्बींच्या आपल्या घरी मात्र चार मुलांचं संगोपन मुख्यतः पत्नी अर्सुला यांनीच केलं. संशोधक झाला तरी त्या पिढीचा इंग्रज बापच तो!

शेवटचं पुस्तक त्यांनी लिहिलं ते चार्ल्स डार्विनचं चरित्र. डार्विन आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली होती. त्याच्या आयुष्यभराच्या आजारपणाचा धागा बोल्बींनी त्या न बोललेल्या दुःखाशी जोडला. १९९० साली ते प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरला स्काय बेटावर त्यांचं निधन झालं.

हे सगळं वाचताना मी स्वतःला गुन्हेगार ठरवत होतो तो मुलीला साताऱ्याला ठेवल्याबद्दल. पण मिनीची हकिगत पुन्हा वाचली आणि दचकलो. दीड वर्षानं मुंबईला बदली मिळाली, तेव्हा आम्ही मोठ्या आनंदानं मुलीला घरी आणलं. तेव्हा ती चार वर्षांचीच होती. कित्येक रात्री ती रडली. आजीनं लाडावून ठेवलीय, अशी आम्ही समजूत करून घेतली आणि तिची सवय मोडावी म्हणून पुढचे सहा महिने साताऱ्याला गेलोच नाही. आईबापांकडे परत आलेल्या मुलीचं काही हरवलं असेल, हे आमच्या डोक्यातही आलं नाही. थोड्या दिवसांत तीही गप्प झाली.

माझी मुलगी आता स्वतः आई आहे. मागच्या महिन्यात मी तिला हे सारं सांगितलं. तिला आठवत काहीच नव्हतं. थोड्या वेळानं तिनं एवढंच विचारलं, की मला नेल्यावर आजी कशी होती? मला उत्तर देता आलं नाही. आई जाऊन बारा वर्षं झाली. तीही रुळली असेल, असं मी धरून चाललो होतो.